कोकण किनाऱ्यावरील भरती-ओहोटी व सागरस्थिती

चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणामुळे समुद्राच्या पातळीत ठराविक काळाने होणाऱ्या चढउतारास भरती-ओहोटी म्हणतात. वारा, लाटा, प्रवाह व पाण्याची पातळी यांच्या एकत्रित परिणामामुळे एखाद्या वेळी समुद्रास जी अवस्था प्राप्त होते, तीस सागरस्थिती असे म्हणतात. यांपैकी पहिली गोष्ट गणिताने अनेक वर्षे आधी सांगता येते. दुसरीचे भाकीत मात्र काही दिवसांपलीकडे करता येत नाही. किनाऱ्यावरील धोका बहुधा या दोहोंच्या संयोगातून निर्माण होतो आणि तो कोणत्या स्वरूपात प्रकट होईल, हे किनाऱ्याच्या उतारावर अवलंबून असते. म्हणून कोकण किनाऱ्याचा विचार करताना भरतीचे वेळापत्रक, वाऱ्याचे व लाटांचे ऋतुमान आणि किनाऱ्याची ठेवण या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

महाराष्ट्राचा किनारा परंपरेने सुमारे ७२० किमी. लांबीचा मानला जातो. उत्तरेस डहाणूच्या परिसरापासून दक्षिणेस तेरेखोलच्या खाडीपर्यंत तो पसरला असून त्याला जवळजवळ समांतर अशी सह्याद्रीची रांग पूर्वेस उभी आहे. समुद्र आणि घाटमाथा यांतील अंतर थोडे आहे. मावळ तालुक्यातील लोणावळ्याजवळचे कुसगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मी. उंचीवर आहे, परंतु धरमतर खाडीतील भरतीचे पाणी तेथून सरळ रेषेत अवघ्या ४० किमी.च्या आसपास आहे. या परिसरातील इंद्रायणी नदी पूर्वेकडे वाहत जाऊन भीमा व कृष्णा यांच्याद्वारे बंगालच्या उपसागरास मिळते. मात्र लोणावळा, वळवण व शिरोता येथील तलावांचे पाणी वीजनिर्मितीसाठी खोपोलीस उतरविले जाते (खोपोली वीजकेंद्र, १९१५) आणि ते पाताळगंगेच्या वाटेने अरबी समुद्राच्या भरती-ओहोटीत मिसळते.

भरतीचे कालमान : पृथ्वीच्या चंद्राकडील बाजूस व तिच्या विरुद्ध बाजूस समुद्राच्या पाण्यास फुगवटा येतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे एखादे ठिकाण दिवसातून दोनदा या फुगवट्यांखालून जाते. चंद्र स्वतः पुढे सरकत असल्यामुळे तो पुन्हा त्याच ठिकाणाच्या माथ्यावर येण्यास सुमारे २४ तास ५० मिनिटे लागतात. म्हणून लागोपाठच्या दोन भरत्यांमध्ये सरासरी १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते आणि भरतीची वेळ दररोज सुमारे पाऊण ते एक तासाने पुढे जाते.

अमावास्या व पौर्णिमा या तिथींस चंद्र व सूर्य यांची आकर्षणे एकाच रेषेत कार्य करतात आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी भरती सर्वांत मोठी व ओहोटी सर्वांत खोल होते. हिला उधाणाची भरती म्हणतात. शुद्ध व वद्य अष्टमीच्या सुमारास ही आकर्षणे परस्परांशी काटकोनात येतात व चढउतार कमी होतो. ही भांगाची भरती होय. चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ (उपभू स्थानी) असेल, तर चढउतारात आणखी वाढ होते.

भरतीची वेळ काढण्याची एक सोपी रीत कोकणात पूर्वापार चालत आली आहे. पक्षातील तिथीचा अंक घेऊन त्याची पाऊणपट केली असता जो आकडा येतो, तितके वाजता भरती पूर्ण होते. उदा., चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता व एकादशीस सव्वाआठ वाजता. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. या रीतीत प्रत्येक तिथीमागे ४५ मिनिटे धरलेली आहेत. काटेकोर गणिताने पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तासांनी सरकते, म्हणजे प्रत्येक तिथीमागे ४८ मिनिटे येतात. दर तिथीस तीन मिनिटांचा हा फरक साचत जाऊन पक्षाअखेरीस पाऊण तासाचा होतो आणि नव्या पक्षाबरोबर हिशोब पुन्हा आरंभापासून सुरू होतो. कागदावाचून तोंडी करावयाच्या हिशोबास एवढी अचूकता पुरेशी ठरते. ही रीत मुंबईच्या परिसरास चांगली लागू पडते. गोव्याकडून उत्तरेस जावे तसतशी भरतीची वेळ उशिरा येत असल्याने दक्षिण कोकणात तिला स्थानिक दुरुस्ती द्यावी लागते. खाड्यांच्या आतील भागांतही भरती उशिरा पोहोचते.

दिवसातील दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. मुंबईच्या परिसरात उधाणाच्या दिवसांत पावसाळ्यात दिवसा येणारी, तर हिवाळ्यात रात्री येणारी भरती अधिक उंच असते. अतिवृष्टीचा काळ आणि दिवसाच्या मोठ्या भरत्यांचा काळ एकच असणे, ही गोष्ट मुंबईसारख्या सखल शहराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

भरतीची कक्षा : पूर्ण भरती व पूर्ण ओहोटी यांच्या पातळींतील फरकास भरतीची कक्षा म्हणतात. मुंबईच्या अपोलो बंदर येथे उधाणाच्या भरतीची सरासरी पातळी ४·४२ मी. व ओहोटीची ०·७६ मी. आहे, भांगाच्या वेळी याच पातळ्या अनुक्रमे ३·३० मी. व १·८६ मी. असतात. म्हणजे उधाणाची सरासरी कक्षा ३·६६ मी., तर भांगाची १·४४ मी. होते. दक्षिणेस ही कक्षा कमी होत जाते. रत्नागिरी ते मुरगाव या पट्ट्यात उधाणाची कक्षा दीड ते दोन मी.च्या आसपास असते, तर कोचीस ती एक मी.हून कमी असते. उलट उत्तरेस खंबायतच्या आखातात भावनगरजवळ ती १० मी.पर्यंत जाते.

या वाढीची कारणे समुद्रतळाच्या रचनेत आहेत. किनाऱ्यालगतची उथळ समुद्रबूड जमीन कोचीजवळ अरुंद असून मुंबईसमोर ती सु. ३०० किमी. रुंद होते. खोल समुद्रातून येणारी भरतीची लांबच लांब लाट अशा विस्तीर्ण उथळ भागात शिरली म्हणजे तिची गती मंदावते व उंची वाढते. पुढे आखात निमुळते होत गेल्याने तेच पाणी आणखी वर चढते.

भरतीच्या उंचीचे आकडे वाचताना एक गैरसमज नेहमी होतो. वृत्तपत्रांत ‘साडेचार मीटरची भरती’ असे छापून आले की, समुद्रात साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार, असा अर्थ पुष्कळजण घेतात. वस्तुतः हा आकडा नाविक नकाशाच्या आधारपातळीपासून मोजलेला असतो आणि ही आधारपातळी सामान्य ओहोटीच्याही खाली धरलेली असते. मुंबईस समुद्राची सरासरी पातळीच या आधारापासून २·५१ मी. उंचीवर आहे. साडेचार मीटरची भरती म्हणजे सरासरीपेक्षा सुमारे दोन मीटरनी चढलेले पाणी होय. वारा पडलेला असेल, तर अशी भरती अगदी संथपणे येते आणि संथपणे उतरते. लाटांची उंची ही या पातळीच्या वर वेगळी मोजावी लागते.

भूमध्य समुद्राशी तुलना : अटलांटिक महासागराशी भूमध्य समुद्राचा संबंध जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून येतो व ती सर्वांत अरुंद ठिकाणी सु. १४ किमी.च रुंद आहे. महासागरातील भरती या वाटेने फारशी आत शिरू शकत नाही आणि स्वतःची मोठी भरती निर्माण करण्यास हा समुद्र अपुरा पडतो. त्यामुळे तेथे बहुतेक ठिकाणी कक्षा ३० सेंमी.च्या आसपास असते. एड्रिअ‍ॅटिक समुद्राच्या उत्तर टोकाशी ती सुमारे एक मी. व ट्युनिशियाच्या गॅबेस आखातात त्याहून अधिक होते. इटलीच्या आमाल्फी किनाऱ्यावरील गावांची घरे डोंगराच्या उभ्या उतारावरून थेट पाण्याच्या कडेपर्यंत उतरलेली दिसतात, ती यामुळेच शक्य झाली आहेत. मुंबईच्या किनाऱ्यावर अशा घरांचे खालचे मजले महिन्यातून दोन वेळा येणाऱ्या उधाणात बुडाले असते.

भूमध्य समुद्राची पातळी चंद्रापेक्षा हवेवर अधिक अवलंबून असते. वातावरणाचा दाब एक मिलिबारने उतरला की पाणी सुमारे एक सेंमी.ने चढते, त्यात वाऱ्याने लोटलेल्या पाण्याची भर पडते. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी व्हेनिस येथे पाणी नेहमीच्या आधारपातळीपासून १·९४ मी.पर्यंत चढले, त्यात भरतीचा वाटा अल्प व वाऱ्याचा मोठा होता. अशा महापुरांपासून संरक्षण म्हणून तेथे बांधलेल्या हलत्या दरवाजांचा उपयोग प्रथम ऑक्टोबर २०२० मध्ये करण्यात आला. डोंगराळ किनाऱ्यांवर पाणी तटाजवळच खोल असते. त्यामुळे लाटा दूरवर फुटून क्षीण होत नाहीत, तर पूर्ण जोराने तटावर आदळतात. ऑक्टोबर २०१८ मधील वादळात लिग्यूरियन किनाऱ्यावरील रापाल्लो येथे बंदराचा संरक्षक बांध फुटून अनेक नौकांचा नाश झाला. भरती नगण्य असली म्हणजे समुद्र निर्धोक असतो असे नाही, हे यावरून दिसते.

भूमध्य समुद्रातील नाविकांना आपल्याकडील भरतीचा अनुभव अपरिचित व भयावह वाटल्याचे जुने उल्लेख आहेत. इ. स. पू. ३२५ मध्ये सिंधूच्या मुखाशी ओहोटीने अलेक्झांडरचे आरमार कोरडे पडले आणि परत आलेल्या भरतीने त्याची हानी केली. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचजवळील भरतीच्या वेगाचे वर्णन असून परकी जहाजांना वाट दाखविण्यासाठी राजाने स्थानिक कोळी नेमल्याचे म्हटले आहे. त्याच ग्रंथात चौल व कल्याण या कोकणातील बंदरांचाही उल्लेख येतो. या बंदरांवरचा माल बोरघाटाने मावळात चढत असे. कुसगावच्या पूर्वेस असलेल्या कार्ले येथील लेण्यांत यवन दात्यांचे लेख आढळतात.

वारे व लाटा : कोकणच्या समुद्राचे वर्षाचे दोन भाग पडतात. ऑक्टोबर ते मे या काळात किनाऱ्याजवळ लाटांची उंची सामान्यतः एक मी.च्या आत असते. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे व दुपारनंतर समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे वाहतात. शिडाच्या होड्या पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडत व दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत येत. दुपारनंतर समुद्र सकाळपेक्षा खवळलेला दिसतो, तो याच वाऱ्यामुळे. जूनपासून नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की, खुल्या समुद्रात लाटांची उंची दोन ते चार मी. होते व वादळी दिवसांत याहूनही वाढते.

काही लाटांचा उगम स्थानिक वाऱ्यात नसतो. दक्षिण हिंदी महासागरातील वादळांत उत्पन्न झालेल्या लांब लाटा हजारो किमी. प्रवास करून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येतात. दोन लाटांमधील अंतर पंधरा सेकंदांचे असेल, तर त्यांचा समूह दिवसाला सुमारे १,००० किमी. सरकतो, म्हणजे आठवड्यापूर्वी झालेल्या वादळाचा परिणाम निरभ्र आकाशाखाली व वारा नसताना जाणवतो. केरळचे मच्छीमार या प्रकारास ‘कल्लक्कडल’ म्हणतात. अशा लाटा गटागटाने येतात. दहा-पंधरा मिनिटे समुद्र शांत भासतो व नंतर चार-सहा मोठ्या लाटा लागोपाठ येतात. खडकावर उभ्या असलेल्या व्यक्तीस थोड्या वेळाच्या पाहणीवरून समुद्राची खरी अवस्था कळत नाही, याचे कारण हे आहे.

किनाऱ्याचा उतार : पाण्याची पातळी सहा तासांत एकसारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासात कक्षेचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या व चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग, असे स्थूल प्रमाण आहे. ३·६६ मी. कक्षेच्या उधाणात मधल्या दोन तासांत पाणी दर तासास सुमारे ०·९ मी. चढते. दर ५० मी.स एक मी. इतका मंद उतार असलेल्या पुळणीवर याचा अर्थ असा की, पाण्याची कड तासाभरात सुमारे ४५ मी. आत येते. दर पाच मी.स एक मी. इतक्या तीव्र उतारावर ती चार-पाच मी.च सरकते, परंतु तेथे थोड्याच पावलांत पाणी गळ्याशी येते. मंद उतारावर पाणी माणसास मागून वेढते, तर तीव्र उतारावर लाट त्याला समोरून ओढते; दोन्ही ठिकाणच्या दक्षता म्हणूनच भिन्न आहेत.

पहिल्या प्रकारचे परिचित उदाहरण अलिबाग येथील कुलाबा किल्ल्याचे आहे. ओहोटीस किल्ल्यात चालत जाता येते; परंतु परतण्याची वेळ चुकल्यास पुढील ओहोटीपर्यंत अडकून पडावे लागते. मुंबईतील हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट मोठ्या भरतीत पाण्याखाली जाते. दुसऱ्या प्रकारचे उदाहरण श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वर होय. येथे डोंगर सरळ समुद्रात उतरतो व त्याच्या पायथ्याशी लाटांनी झिजवून तयार केलेला खडकाचा सपाट मंच आहे. मंदिराची प्रदक्षिणेची वाट या मंचावरून जाते आणि ती ओहोटीसच चालण्याजोगी असते. भरतीचे पाणी मंचाच्या पातळीस येऊ लागले म्हणजे एरव्ही त्याच्या कडेवर फुटणाऱ्या लाटा थेट आत येतात. अशा वेळी एका बाजूस कडा व दुसऱ्या बाजूस समुद्र असल्याने माणसास मागे सरण्यास जागा उरत नाही. याच कारणाने भाविक व प्रवासी येथे वाहून गेल्याच्या दुर्घटना घडल्या आहेत.

वाळूच्या पुळणीवर पोहणारे बुडतात तेव्हा ‘ओहोटीने ओढून नेले’ असे म्हणतात. हे अंशतः खरे आहे. खुल्या पुळणीवर ओहोटीचा प्रवाह स्वतः क्षीण असतो. खरा धोका लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेल्या पाण्याच्या परतीच्या प्रवाहाचा असतो. हे पाणी वाळूच्या दांड्यांमधील घळीतून अरुंद पट्ट्याने वेगाने समुद्राकडे परत जाते. ओहोटीस दांडे उघडे पडू लागल्याने ते या घळींत अधिक एकवटते. लोकानुभवात ओहोटीची धास्ती आहे, ती यामुळेच. या पट्ट्यात लाटा फुटत नसल्यामुळे तो आजूबाजूच्या पाण्यापेक्षा शांत दिसतो व नवखा माणूस नेमका तेथेच उतरतो. प्रवाहाविरुद्ध किनाऱ्याकडे पोहण्याचा प्रयत्न केल्यास थकवा येऊन माणूस बुडतो. किनाऱ्यास समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडणे हाच सुटकेचा मार्ग आहे.

खाड्या : धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड इ. खाड्यांतून भरतीचे पाणी जमिनीत दूरवर शिरते. दाभोळच्या खाडीतून ते चिपळूणजवळील गोवळकोटपर्यंत पोहोचते. जहाजे पूर्वी भरतीबरोबर आत व ओहोटीबरोबर बाहेर पडत. खाडीच्या मुखाशी ओहोटीचा प्रवाह प्रबळ असतो व बाहेरून येणारी लाट त्यास समोरून भिडल्यास ती आखूड, उभी व फुटीर बनते. मुखावर वाळूचा दांडा असेल, तर लहान नौकांना ही जागा खुल्या समुद्रापेक्षाही अधिक धोक्याची ठरते. पावसाळ्यात नदीचा पूर व भरती एकाच वेळी आल्यास पुराच्या पाण्याचा निचरा खुंटतो. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहरात आलेल्या महापुराची तीव्रता भरतीने वाढविली.

मासेमारी व खारभूमी : मासेमारीची साधनेही भरतीच्या कक्षेप्रमाणे बदललेली आढळतात. उत्तर कोकणात वसई, अर्नाळा, उत्तन, वर्सोवा या भागांत डोल जाळ्याचा प्रघात आहे. हे पिशवीसारखे जाळे समुद्रतळाशी पक्के रोवून त्याचे तोंड भरती किंवा ओहोटीच्या प्रवाहासमोर ठेवतात. प्रवाहाने बोंबील, जवळा इ. जलचर आपोआप आत येतात. प्रवाह थांबण्याच्या वेळी जाळे उचलतात. उधाणाच्या दिवसांत प्रवाह जोरदार असल्याने हे जाळे अधिक फलदायी ठरते. दक्षिण कोकणात प्रवाह मंद असल्यामुळे पुळणीवरून दोरांनी ओढावयाची रापण ही पद्धत रूढ झाली. पावसाळ्यात समुद्र मासेमारीस बंद ठेवून नारळी पौर्णिमेस तो पुन्हा खुला करण्याची परंपरा आहे. महाराष्ट्र सागरी मासेमारी विनियमन अधिनियमान्वये (१९८१) पावसाळ्याच्या आरंभीच्या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी घालण्यात येते.

खाडीकाठची सखल जमीन बांध घालून भरतीच्या पाण्यापासून सोडविली म्हणजे तिला खार म्हणतात. बांधातील उघाडी ओहोटीस पावसाचे पाणी बाहेर सोडते व भरतीस बंद होते. उधाण, मुसळधार पाऊस व वारा यांचा एकदम मारा झाल्यास बांधाला खांड जाते. एकदा खारे पाणी शेतात शिरले की, जमीन पुन्हा पिकाखाली आणण्यास काही पावसाळे जावे लागतात. या बांधांची व्यवस्था लावण्यासाठी मुंबई राज्यात १९४८ मध्ये व पुढे महाराष्ट्रात १९७९ मध्ये कायदे करण्यात आले. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीत तग धरणारे भाताचे वाण तयार केले आहेत.

दुर्घटनांची काही उदाहरणे : १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येस, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट काशाच्या खडकाजवळ भर पावसाळी समुद्रात कलंडून बुडाली, सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला. पौर्णिमा होऊन पाच दिवस लोटले होते. तथापि दुपारी सुमारे साडेचार मी.ची भरती आली, बहुतेक गटारांची मुखे भरतीच्या पातळीखाली असल्याने निचरा थांबला व मिठी नदीच्या काठचा भाग पाण्याखाली गेला. नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ चक्रीवादळाने रत्नागिरी व सिंधुदुर्ग येथील मच्छीमार भर हंगामात समुद्रात असताना गाठले गेले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ दुपारी दिवेआगरजवळ जमिनीवर आले, तेव्हा भरतीचा कळस होऊन पाणी उतरू लागले होते. तेच वादळ तीन-चार तास आधी आले असते, तर वाऱ्याने लोटलेल्या पाण्याची भर पूर्ण भरतीवर पडली असती. २००५ व २०२० या दोन घटनांची तुलना केल्यास वादळ वा पाऊस यांच्या तीव्रतेइतकेच महत्त्व त्यांच्या वेळेस आहे, हे स्पष्ट होते.

निरीक्षण व पूर्वसूचना : अपोलो बंदर येथे १८७८ पासून समुद्रपातळीची नोंद होत असून हिंदी महासागरातील अशा प्रदीर्घ नोंदींपैकी ती एक आहे. भरतीच्या चढउताराचे अनेक नियमित घटकांत पृथक्करण करून त्यांची पुन्हा बेरीज करण्याचे यंत्र विल्यम टॉमसन (लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८७२ मध्ये तयार करविले. भारतीय बंदरांसाठी एडवर्ड रॉबर्ट्‌स यांनी १८७९ मध्ये असेच यंत्र सिद्ध केले. हीच गणिते आता संगणकावर होतात. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो. उंच लाटा व लांब लाटा यांचे इशारे हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र (स्थापना १९९९) देते. चक्रीवादळाची सूचना भारतीय हवामानशास्त्र विभागाकडून येते व बंदरांवर क्रमांकित बावटे लावून ती नौकांना कळविली जाते. मुंबईच्या नोंदींवरून गेल्या शतकात समुद्राची सरासरी पातळी वर्षाला एक मिमी.च्या आसपास चढत गेल्याचे दिसते. अलीकडील दशकांत जगभर या वाढीचा वेग अधिक झाला आहे. पातळी थोडी चढली तरी उधाणाचे पाणी बांध ओलांडण्याचे प्रसंग पुष्कळ वाढतात.

पर्यटकांची सुरक्षितता : कोळ्याच्या मुलास जे ज्ञान घरातच मिळते, ते घाटमाथ्यावरील प्रवाशास मिळालेले नसते. पुणे-मावळ भागातून एका दिवसाच्या सहलीस किनाऱ्यावर जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड येथे पुण्याहून सहलीस गेलेले डझनाहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थी बुडून मरण पावले. तो पावसाळा नव्हता व वादळही नव्हते. मावळातील माणसास पाण्याचा धोका ठाऊक असतो, तो पावसाळी ओढ्याचा व धबधब्याचा; तेथे पाणी एकाच दिशेने येते आणि गढूळ होऊन आगाऊ इशाराही देते. समुद्राचे पाणी दिशा बदलते व बदलताना शांत दिसते. म्हणून निघण्यापूर्वी त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा व लाटांचा इशारा या दोन्ही गोष्टी पाहाव्यात. कोष्टक हाताशी नसल्यास तिथीच्या पाऊणपटीने वेळेचा अंदाज घेता येतो. ती वेळ मात्र पाण्याच्या पातळीची असते, लाटांची नव्हे. लाटांविषयी त्या सकाळी किनाऱ्यावर असलेल्या स्थानिक मच्छीमारास विचारणे आणि त्याने पाण्यात उतरू नये असे सांगितल्यास न उतरणे, हा जुना नियम आजही तितकाच लागू आहे.